पाठमोरी खुर्ची

“आणि बोलताना सारखा माझ्या तोंडाकडे काय बघतोस?” वागळेबाईंनी विचारलं.

ऋतुराज बोलता बोलता थांबला.

“समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं, असं शिकवलंय आम्हाला.”

“डोळ्यांत बघ की. पण तू माझ्या भुवया वाचतोयस.”

तो हसला. आत्मविश्वास दांडगा पोराचा. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, आणि हा असा बसला होता की जणू पेढे वाटायलाच आलाय.

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. मी रेगे. बँकेतून निवृत्त, बाईंचा शेजारी. पार्ल्यात आमची दारं समोरासमोर आहेत. सकाळचा चहा घरी आणि पेपर बाईंकडे, हा माझा नेम, कारण आमच्याकडचा पेपर आधी सूनबाईंच्या हातात जातो आणि मग त्याला शब्दकोडं उरत नाही.

बाई एका मोठ्या ब्रोकरेजमध्ये संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या. कंपनीचा अभ्यास करायचा आणि तिचा शेअर घ्यावा, ठेवावा की विकावा ते सांगायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. आता या धंद्यात शिरू पाहणारी पोरं मुलाखतीच्या तयारीला त्यांच्याकडे येतात. मला ही पोरं आवडत नाहीत, आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू करतात.

ऋतुराज डुबल कऱ्हाडचा. परीक्षांमध्ये कायम पहिला. मुलाखती मात्र दोन झाल्या आणि दोन्ही हातच्या गेल्या. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, ही तिसरी शेवटची. नाही जमलं तर गावी यायचं आणि मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायचं.

“मला दुकानात नाही बसायचं, बाई,” तो आल्या आल्या म्हणाला होता. “मला कंपनी उघडून आत काय चाललंय ते बघायला आवडतं. लहानपणी घरातले रेडिओ उघडून बसायचो ना, तसं. मला दुसरं काही करायचंच नाहीये.”

एवढं बोलताना त्याचा आवाज जरा कापला, आणि मला ते पोरगं पहिल्यांदाच बरं वाटलं.

“पुढे बोल,” बाई म्हणाल्या.

“बेसिकली…”

मी पेपर फडफडवला.

“कंपनीचं नाव चकोर अप्लायन्सेस. मिक्सर बनवते. विक्री दरवर्षी वाढतेय. लहान लहान गावांत दुकानदार जोडलेत. कर्ज नाही. शेअर आज चारशेला आहे. माझ्या हिशेबाने वर्षभरात तो पाचशेवीसला जायला हवा. माझं मत, खरेदी करा.”

बोलला छान. न अडखळता, न चाचरता.

बाईंनी नाक मुरडलं. किंचितच.

“अर्थात,” ऋतुराज त्याच दमात म्हणाला, “चारशेलाही तो तसा महागच आहे. पाचशेवीस मी जरा जास्त धरले. साडेचारशे म्हणू. नवीन घेऊ नये, असलेला ठेवावा, असंही म्हणता येईल.”

बाईंनी मान डोलावली.

“हो ना? ठेवावाच.”

“पण असा स्वच्छ धंदा हल्ली सापडतो कुठे?” बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या.

“तेच म्हणतोय मी! सापडतच नाही. त्यामुळे खरं तर सहाशेसुद्धा…”

मला राहवलं नाही. “अरे, शेअर आहे का शिडी? किती चढउतार करशील?”

“मुलाखतीत लवचिक असावं लागतं, काका.”

“काका म्हणू नकोस मला.”

“रेगे, तुम्ही पेपर वाचा,” बाई म्हणाल्या.

वाचला.

“मागच्या मुलाखती कशा झाल्या होत्या?” बाईंनी त्याला विचारलं.

“एक नंबर झाल्या, बाई. पहिल्या ठिकाणचे सर म्हणाले, बाजार पडणार असं वाटतंय. मी त्याला आणखी तीन कारणं दिली. सर खूश.”

“आणि दुसरीकडे?”

“दुसरीकडे मॅडम होत्या. त्यांचं म्हणणं, बाजार चढणार.”

“मग?”

“मग… त्याचीही कारणं होती माझ्याकडे.”

“त्या खूश?”

“एकदम. म्हणाल्या, तुझं सगळंच पटलं.”

“आणि नोकरी कोणी दिली?”

…

ऋतुराज ग्लासातलं पाणी प्यायला. पाणी संपलं तरी ग्लास तोंडालाच होता.

“या वेळी तसं होणार नाही,” तो ग्लास ठेवत म्हणाला. “या वेळी तयारी पक्की आहे. उद्या मुलाखत घेणार आहेत ते करमरकर. त्यांचा एकेक रिपोर्ट मी वाचलाय, भाषणं ऐकलीत. चकोर ही त्यांची लाडकी कंपनी. ‘खरेदी करा’ हा रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिलाय. म्हणून तर मी चकोर घेतली. तसं सगळेच करतात, बाई. मुलाखत घेणाऱ्याचाच शेअर त्याला परत ऐकवायचा. पण माझ्याइतके आकडे कोणाचे पाठ नसतील.”

“बरं.”

“फक्त एक अडचण आहे. करमरकरांनी सहाशेचा भाव सांगितलाय. मी पाचशेवीस म्हणू की सहाशेच म्हणू? अगदी तेवढाच म्हटला तर नक्कल वाटेल. फार कमी म्हटला तर त्यांना लागेल. पाचशेऐंशी कसा वाटतो?”

धन्य आहे! भाजीवालीकडे सुद्धा माणूस यापेक्षा ठाम उभा राहतो. मी हे बोलणार होतो, पण बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी गिळलं.

बाई उठल्या. त्यांची लाकडी खुर्ची चांगली जड आहे, हात असलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली, खरडत खरडत पूर्ण फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पदर सारखा केला.

“आता सांग.”

“बाई?”

त्याच्यासमोर नुसती पाठ होती, आणि वर पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा.

ऋतुराज हसला. असली परीक्षासुद्धा पास होऊ, अशा थाटात त्याने घसा खाकरला.

“चकोर अप्लायन्सेस. मिक्सर बनवते. विक्री दरवर्षी वाढतेय. लहान गावांत दुकानदार…”

तो थांबला. खुर्चीच्या एका बाजूने वाकून बघितलं. दुसऱ्या बाजूने वाकून बघितलं. तिकडून काही दिसणं शक्य नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला.

“लहान गावांत दुकानदार जोडलेत,” तो मला सांगू लागला. “कर्ज नाही. वर्षभरात शेअर पाचशेवीसला जायला हवा…”

आता मीही माणूसच आहे. माझी भुवई वर गेली असेल.

“म्हणजे पाचशे,” तो मला म्हणाला.

“रेगे,” भिंतीकडून आवाज आला, “पेपर तोंडावर घ्या.”

घेतला. आतल्या पानावरची नाटकाची जाहिरात नाकाला लागेपर्यंत घेतला.

…

वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवली.

“वर्षभरात शेअर… चारशेवरून…” ऋतुराज बोलत होता. “माझ्या हिशेबाने… म्हणजे तसे दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत…”

…

“बाई, बरोबर चाललंय ना?”

…

“चुकत असेल तर चुकतंय म्हणा. पण काहीतरी म्हणा!”

मला पेपरच्या आड घाम फुटला. एखाद्याला असं किती वेळ टांगून ठेवायचं? मी बाईंना वीस वर्षं ओळखतो, पण या बाईंच्या मनात काय चाललंय ते मला एकदाही आधी कळलेलं नाही.

“मी एवढ्या आशेने तुमच्याकडे आलो,” ऋतुराज म्हणाला. आता आवाज चढला होता. “उद्या माझं सगळं ठरणार आहे. आणि तुम्ही मला पाठ दाखवून बसलाय?”

…

खूप वेळ गेला. मला वाटलं, उठून गेला बहुतेक. पेपर जरा खाली करून बघितलं तर तो तिथेच होता. बाईंच्या पाठीकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. खाली फरशीकडे बघत होता.

“मामाच्या दुकानात…” तो हळूच म्हणाला.

बाईंची मान हलली नाही.

“मामाच्या दुकानात चकोरचे मिक्सर पडून आहेत. गणपतीला गेलो होतो तेव्हा बघितलं. खोकी पार छताला टेकलीत. वर छापलेली तारीख गेल्या वर्षीची. मामाला म्हटलं, एवढे कशाला घेऊन ठेवलेस? म्हणाला, मी कुठे घेतले? मार्च आला की कंपनीचा माणूस येतो आणि गळ्यात मारून जातो. पैसे सावकाश द्या म्हणतो.”

“मग?” भिंतीकडून.

“मग मी साताऱ्यातली दुकानं बघितली. इस्लामपूरला गेलो. तिथेही तेच. कंपनीने माल दुकानात ढकलला की कागदावर विक्री झाली. गिऱ्हाइकाने मिक्सर घरी नेला की नाही, ते कागदावर येतच नाही. ताळेबंद परत काढून बसलो. विक्री वाढतेय, पण दुकानदारांकडून पैसे यायचे आहेत ते त्याहून जोरात वाढताहेत. म्हणजे माल जातोय आणि पैसे येत नाहीयेत.”

“मग?”

“मग काय… विका.”

…

“शेअर विकावा. एक ना एक दिवस दुकानदार माल परत पाठवणार, त्या दिवशी ही वाढ कुठे जाईल? मी या शेअरला अडीचशेच्या वर एक रुपया देणार नाही.”

हे सगळं तो ‘बेसिकली’ न म्हणता बोलला. माझ्या लक्षात आलं, आणि मी पेपर मांडीवर ठेवून दिला.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?” मीच विचारलं.

“कसं सांगू?” तो माझ्यावर उसळला. “करमरकरांच्या केबिनमध्ये बसून करमरकरांचाच रिपोर्ट चुकलाय म्हणू? मी नोकरी मागायला चाललोय की भांडायला?”

प्रश्न रास्त होता. मी बाईंच्या पाठीकडे बघितलं.

“बाई,” ऋतुराज म्हणाला, “खरेदी म्हटलं तर बहुतेक नोकरी मिळेल. विका म्हटलं तर मी मामाच्या दुकानात, त्याच खोक्यांमध्ये बसलेला असेन. तुम्ही सांगाल तसं करतो. काय म्हणू?”

“मी चकोरचा ताळेबंद बघितलेला नाही.”

“ठीक आहे. पण उद्या तिथे काय बोलायचं, एवढं तरी सांगा!”

“उद्या मी तिथे नाही.”

“तयारी करून घेते म्हणाला होतात तुम्ही!”

“झाली.”

“काय झाली? तुम्ही तर भिंतीकडे बघत बसलात!”

“हो,” बाई म्हणाल्या.

ऋतुराजने बॅग उचलली. रागाने कान लाल झाले होते. पण कऱ्हाडचं पोरगं, घरचं वळण सुटेना. दारापर्यंत गेला, परत आला, बाईंच्या पाठीलाच वाकून नमस्कार केला आणि ताडताड निघून गेला.

मी बाईंवर जाम चिडलो. “निर्दयी आहात तुम्ही. त्या पोराचं आयुष्य टांगणीला लागलंय. धीराचे दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

“रेगे, ही खुर्ची जरा फिरवून द्या,” बाई म्हणाल्या. “माझी कंबर धरलीय.”

दुसऱ्या दिवशी मला काही सुचेना. माझं त्या पोराशी काय नातं? काही नाही. पण दुपारचं जेवण गोड लागलं नाही, आणि झोपायचं सोडून मी सारखा गॅलरीत जात होतो. शेवटी बाईंकडे जाऊन बसलो. बाई निवांत होत्या. समोर पाटीत भिजवलेले वाल घेऊन सोलत बसल्या होत्या, जणू जगात कोणाची मुलाखतच नव्हती.

चारच्या सुमाराला ऋतुराज आला. टाय खिशात कोंबलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. धपकन खाली फरशीवरच बसला.

“काय म्हणालास?” मी विचारलं.

“विका म्हटलं.”

“अरे बापरे! आणि ते?”

“लाल झाले. म्हणाले, आमचा रिपोर्ट वाचलायस का? म्हटलं, वाचलाय, सर, पाठ आहे. म्हणाले, आणि तरीही? म्हटलं, तरीही.”

“भुवया बघितल्यास का त्यांच्या?”

“बघितल्या ना, काका. भयंकर होत्या.”

या वेळी मी त्याला काका म्हणू दिलं.

“धुतलं मला नुसतं,” तो सांगू लागला. “म्हणाले, तीन गावं बघून देश कळतो का? म्हटलं, नाही कळत, सर, पण बाकीची गावं तुमच्या रिपोर्टमध्येही नाहीत. म्हणाले, दुकानदारांनी सणाचा माल आधी भरून ठेवला असेल. म्हटलं, मग खोक्यावर गेल्या वर्षीची तारीख कशी? मग त्यांनी माझा हिशेब तपासायला घेतला. एका ठिकाणी मी खरंच चुकलो होतो. त्यांनी दाखवलं, मला पटलं, तिथल्या तिथे दुरुस्त केलं. अडीचशेचे दोनशेऐंशी झाले.”

“आणि मत?” बाईंनी विचारलं. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या.

“मत तेच. विका.”

“हं.”

“शेवटी त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. अजिबात पटलेलं नाही.” ऋतुराजने खिशातला टाय बाहेर काढला. “आणि म्हणाले, सोमवारपासून ये.”

मी ओरडलोच. सूनबाई समोरच्या दारातून बघायला आल्या, काय झालं म्हणून. मला इतका आनंद झाला होता की मी त्या पोराच्या पाठीत एक गुद्दा घातला. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला, आता लपवायचं काय त्यात!

बाईंनी पाटी त्याच्याकडे सरकवली. “सोल.”

तो मुकाट्याने वाल सोलू लागला. नोकरी लागलेलं पोरगं, पण तोंडावर हसू अर्धंच होतं.

“बाई, एक कळत नाही,” तो म्हणाला. “ज्यांना माझं सगळं पटलं, त्यांनी मला घेतलं नाही. आणि ज्यांना काहीच पटलं नाही, त्यांनी घेतलं. असं कसं?”

“तो किडका आहे,” बाई म्हणाल्या. “बाजूला टाक.”

त्याने तो दाणा बाजूला टाकला.

…

“सोमवारी पहिल्याच दिवशी हे सगळ्यांसमोर मांडायचंय,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “करमरकर म्हणाले, लेखी दे, वर तुझं नाव घाल. पूर्ण विभाग बसणार आहे. मी म्हटलं, देतो. देणारच आहे मी, मागे नाही हटणार.”

“दे की,” मी म्हटलं. “चांगला ठणकावून दे!”

“हो, पण…”

त्याच्या हातातला वाल तसाच राहिला. मला वाटलं, आता हा बाईंच्या तोंडाकडे बघणार. पण तो खाली पाटीकडेच बघत होता.

“बाई, वर्षभराने शेअर सहाशेला गेला तर? सगळ्यांच्या देखत मी चुकलो तर?”

बाईंचे हात थांबले. त्यांनी ओले हात पदराला पुसले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच त्या पोराकडे बघून तोंडभर हसल्या.

“मग ती चूक तुझी असेल, ऋतुराज. आजवर तेवढंही तुझं काही नव्हतं.”